कामाच्या जागी बाबासाहेब

दीक्षा घेतलेल्या घरातला मुलगा पहिल्यांदा नोकरीला लागतो तेव्हा घरात पेढे वाटले जातात, विहारात खीरदान होते. दोन-तीन महिन्यांनी एके रात्री तोच मुलगा ताटावर गप्प बसलेला असतो. आई विचारते, तो सांगत नाही. कचेरीत त्याला कोणी शिवी दिलेली नसते; तेवढी हिंमत कायद्याच्या धाकाने आता सहसा कोणाला होत नाही. पण त्याचे आडनाव दोनदा विचारलेले असते, डबा खाताना शेजारची खुर्ची रिकामी राहिलेली असते, आणि त्याने रात्री जागून केलेल्या कामावर सही दुसऱ्याचीच झालेली असते. मुलगी नोकरीला असेल तर तिच्या वाट्याला याहूनही अधिक येते.

अशा घरांतील उपासक-उपासिकांसाठी बाबासाहेबांच्या चरित्राचा एक भाग येथे सांगावयाचा आहे. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार हे आपण जयंतीच्या व्याख्यानांतून ऐकत आलो आहोत. येथे पाहावयाचे ते एवढेच की, परमपूज्य बाबासाहेब जेथे जेथे कामाला गेले तेथे त्यांना कसे वागविण्यात आले, आणि पुढे ते स्वतः शेकडो माणसांचे वरिष्ठ झाले तेव्हा त्यांनी हाताखालच्या व बरोबरीच्या माणसांना कसे वागविले.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. घरात शिस्त होती, वाचन होते आणि पलटणीतला ताठ कणा होता. बाहेर मात्र साताऱ्याच्या शाळेत भिवाला घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय तहान भागत नसे. शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच घरी आणायची. १९०१ साली वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली ही भावंडे मसूर स्टेशनवर उतरली. ती कोणाची मुले आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर एकजण तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची. गाडीवानाला त्यांचे पैसे चालले, त्यांच्या शेजारची बैठक चालली नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने कामधंद्यातल्या माणसाचा हा व्यवहार पहिल्यांदा पाहिला तो असा.

पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालय, सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती, १९१३ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ, तेथून लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे शिक्षण अर्धे टाकून १९१७ साली ते परत आले. शिष्यवृत्ती घेताना बडोदा संस्थानाची दहा वर्षे सेवा करण्याचा करार त्यांनी केला होता. त्या कराराप्रमाणे सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले. वय सव्वीस, विद्येने संस्थानातल्या बहुतेक अधिकाऱ्यांना मागे टाकील असा तरुण.

त्या कचेरीत जे घडले ते प्रत्येक बौद्ध घरात मुलांना सांगितले पाहिजे. पट्टेवाले कागदांची बाडे त्यांच्या टेबलावर लांबून फेकीत. ते उठून जाऊ लागले की चटया गुंडाळल्या जात. प्यायला पाणी मिळत नसे. राहायला शहरात जागा नव्हती, म्हणून पारशी नाव लावून ते एका पारशी खाणावळीत राहिले. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेले. एक हिंदू स्नेही होते, एक ख्रिस्ती स्नेही होते. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. उरलेला वेळ कामाठी बागेत एका झाडाखाली बसून काढावा लागला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले.

येथे दोन गोष्टी नीट पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही की, कागद फेकणारा पट्टेवाला हा त्या कचेरीतला सर्वांत कमी पगाराचा माणूस. स्वतः दिवसभर साहेबांच्या घंटीवर उभा राहणारा, उपाशीअर्धपोटी घर चालविणारा. त्याला आपल्या अधिकाऱ्याचा अपमान करण्याचे बळ पगाराने दिलेले नव्हते, ते त्याला जातीने दिले होते. जातिव्यवस्थेत प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली पाहायला आणखी एक पायरी ठेवलेली असते. म्हणून वरच्याची लाथ खाऊनही तो व्यवस्थेवर उठत नाही, ती लाथ खाली पोहोचवितो. या उतरंडीचे शास्त्र बाबासाहेबांनी पुढे ग्रंथांतून मांडले, पण बडोद्याच्या त्या टेबलाशी त्यांनी ते अनुभवले होते.

दुसरी गोष्ट महाराजांविषयीची. सयाजीराव गायकवाड हे त्या काळातले खरोखर मोठे राजे. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी संस्थानात सुरू केले, अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, भीमरावांना परदेशी पाठविले. त्यांचे ऋण आपला समाज विसरणार नाही. तरीही महाराजांची इच्छा महालातून निघून कचेरीच्या दारापर्यंत येता येता विरून गेली. दिवाणापाशी राहायच्या जागेची दाद मागितली, तीही लागली नाही. वरचा माणूस चांगला असणे आणि त्याचा चांगुलपणा खालच्या टेबलापर्यंत पोहोचणे यांत फार अंतर असते. याच्या शेजारी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींची गोष्ट ठेवून पाहावी. हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे दुकान काढून दिले. मग नुसता हुकूम काढून ते थांबले नाहीत. आपली गाडी त्या दुकानापुढे उभी करवून स्वतः तो चहा घेत आणि बरोबरच्या सरदारमंडळींनाही घ्यायला लावीत. राजाने ज्या कपाला ओठ लावला तो कप सरदाराला नाकारता येईना.

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. येथे सहकारी शिकलेसवरलेले, पदवीधर. पण प्राध्यापकांच्या खोलीत पाण्याचे जे भांडे होते त्याला बाबासाहेबांनी हात लावण्यास त्यांतल्या काहींनी हरकत घेतली. अडाणी पट्टेवाला आणि विद्वान प्राध्यापक यांच्यातला फरक तो एवढाच निघाला! बाबासाहेबांनी काय केले? आपला विषय असा शिकविला की दुसऱ्या महाविद्यालयांतले विद्यार्थी परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. मिळालेल्या पगारातून काटकसर करून पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज घेतले, आणि १९२० साली अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. लाठ्या घेऊन आले तेही पारशी आणि विश्वासाने पैसे देणारा मित्रही पारशी. बाबासाहेबांनी एकाच्या पापाचा हिशेब दुसऱ्याच्या नावावर कधी मांडला नाही, हे पुढेही दिसेल.

बॅरिस्टर होऊन आल्यावर १९२३ पासून वकिली सुरू केली. तेथे अस्पृश्य बॅरिस्टराला काम देण्यास सॉलिसिटर मंडळी कचरत, म्हणून बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवून संसाराला हातभार लावावा लागला. परंतु त्यांचे खरे काम आता दुसरीकडे सुरू झाले होते.

आपले बाप-आजे ज्या कामाला बांधलेले होते त्या कामाला वतन असे भारदस्त नाव होते. महार वतनदार म्हणजे सरकारचा आणि गावाचा चोवीस तासांचा चाकर. टपाल पोहोचविणे, साहेबाचे सामान वाहणे, मेलेले जनावर ओढणे, मयताची बातमी गावोगाव नेणे, पाटलाच्या दारात हजर राहणे. वतनदार स्वतः आजारी पडला तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कोणीतरी जायचे. मोबदला म्हणून थोडी जमीन, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागून आणलेली शिळी भाकर. मायबाप म्हणून जोहार घालायचा आणि पदर पसरायचा. हे काम होते, पण त्यात वेळ ठरलेली नव्हती, मजुरी ठरलेली नव्हती आणि नाही म्हणण्याचा अधिकार नव्हता. मार्च १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. सरकारी कामाचा पगार सरकारने द्यावा, बलुत्याऐवजी पैशाच्या रूपाने ठराविक मोबदला असावा, आणि ज्याला ही चाकरी नको त्याला तीतून मोकळे होता यावे, अशी त्याची दिशा होती. सरकारने व वरिष्ठ जातींच्या सभासदांनी विधेयक इतके कुरतडले की १९२९ साली त्यांनी ते मागे घेतले. ती वतने कायद्याने खालसा होण्यास १९५८ साल उजाडले. तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

आपल्याच माणसांना वतन सोडवत नव्हते, हेही लपविण्याचे कारण नाही. वतनाच्या तुकड्याला पुष्कळांनी मान समजले होते. म्हणून कायद्याच्या आधी बाबासाहेबांनी माणसाच्या मनाला हात घातला. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत चवदार तळ्याकडे जाण्यापूर्वी त्यांनी लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडण्यास व शिळे तुकडे न मागण्यास सांगितले. दुसऱ्याने मान द्यावा अशी मागणी करण्याआधी आपण आपल्याला मान दिला पाहिजे, असा त्यांचा क्रम होता. त्याच लढ्याच्या वेळी जेधे व जवळकर या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी पाठिंबा देऊ केला, पण ब्राह्मण कार्यकर्त्यांना सत्याग्रहातून वगळावे अशी अट घातली. बाबासाहेबांनी ती अट मान्य केली नाही. त्यांचा विरोध ब्राह्मण्याला होता. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव त्यांनीच मांडला. जो माणूस खांद्याला खांदा लावून काम करतो त्याला त्याच्या जन्मावरून दूर करणे ही बाबासाहेबांच्या दृष्टीने दुसऱ्या बाजूने केलेली अस्पृश्यताच होती.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या समाजाचे हजारो लोक होते. त्यांना रिंगखात्यात काम मिळे, साचेखात्यात मिळत नसे. आणि साचेखात्यात मजुरी जास्त. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा विणकराला चालत नव्हता. लाल बावट्याखाली एकत्र मोर्चे काढणारे हेच कामगार होते. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांपुढे आग्रह धरला की सर्व खात्यांत अस्पृश्यांना काम मिळावे ही मागणी यादीत आली पाहिजे. ती नाखुशीने घालण्यात आली. मालकांनी ती पाहून हात झटकले. ही बंदी त्यांनी घातलेली नव्हती, कामगारांनीच कामगारांवर घातली होती. ते खरेच होते. कामगारांची एकजूट म्हणून गर्जना करणाऱ्या पुढाऱ्यांना हे उत्तर झोंबले असेल तर ते योग्यच झाले. म्हणून फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले, आणि ब्राह्मणशाही म्हणजे समता, स्वातंत्र्य व बंधुभावाचा अभाव असा तिचा अर्थही स्पष्ट केला. तो अभाव ब्राह्मणेतरांतही असू शकतो, हे त्यांना ठाऊक होते. धोट्याच्या भांडणात त्यांनी ते पाहिलेच होते.

याचा अर्थ असा नव्हे की ते इतर कामगारांपासून अलग राहिले. त्याच वर्षी संपाचा हक्क आकुंचित करणारे औद्योगिक कलहाचे विधेयक आले, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरला. काम नाकारण्याचा हक्क काढून घेतला तर मजूर आणि गुलाम यांत भेद राहत नाही, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. वतनाचे जोखड पाहिलेल्या माणसाला ती पुस्तकात शोधावी लागली नाही.

आता चित्र उलटते. १९३५ ते १९३८ ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ज्याच्या टेबलावर पट्टेवाल्याने कागद फेकले होते त्याच्या हाती हिंदुस्थानातील कामगारांचे खाते आले. असे झाले की माणसे दोन तऱ्हेने वागताना दिसतात. काहीजण जुन्या अपमानाचा सूड नव्या हाताखालच्यांवर काढतात, काहीजण वरच्यांत मिसळून जुने सारे विसरून जातात. बाबासाहेबांनी चार वर्षांत काय केले ते पाहावे.

ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीला त्यांच्या अध्यक्षतेखाली जी कामगार परिषद भरली तिच्यात सरकार, मालक आणि कामगार हे तिघे एका टेबलाशी समोरासमोर बसले. याआधीच्या परिषदांत सरकारी प्रतिनिधी असत. मालकांशी व कामगारांशी वेगवेगळे बोलणे होई. कामगाराविषयी ठरविताना कामगार त्या खोलीत हजर असला पाहिजे, ही साधी गोष्ट, पण त्यासाठी तेवढे दिवस जावे लागले. ही त्रिपक्षीय पद्धत त्यांनी कायमची करून घेतली. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळशाच्या खाणींत गेले. खाली उतरून काम चालते कसे ते पाहिले, मजुरांची खुराडी पाहिली. १९४४ साली खाण कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. त्यातून घरे, पाणी, दवाखाने यांची सोय व्हावयाची होती. १९४५ साली कारखान्यांतील कामगारांना पगारी रजा देणारा कायदा झाला. १९४६ साली आठवड्याचे ५४ तासांचे काम ४८ तासांवर आणण्यात आले. आज आपला मुलगा कारखान्यातून वेळेवर घरी येतो त्यात या आकड्यांचा वाटा आहे. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, तोही त्यांच्याच प्रयत्नांनी.

एका गोष्टीवरून त्यांच्यावर टीकाही झाली. युद्धकाळात कोळसा कमी पडू लागला तेव्हा स्त्रियांनी खाणीत खाली काम करण्यावरची बंदी १९४३ मध्ये उठविण्यात आली. कायदेमंडळात त्यावर वादळ झाले. बाबासाहेबांनी ते युद्धाच्या निकडीपुरते आहे असे सांगितले आणि खाली काम करणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल याकडे लक्ष वेधले. १९४६ च्या सुरुवातीस बंदी पुन्हा लागू झाली. मधल्या काळात खाणीतील बाळंतिणींच्या भत्त्याचा कायदाही सुधारण्यात आला. ती परवानगी देणे बरोबर होते का, यावर आजही दोन मते होतील. पण बाईच्या घामाची किंमत पुरुषाच्या घामाइतकीच, हे सरकारी आसनावरून बोलणारे त्या वेळी फार थोडे होते.

राज्यघटनेचे काम हे बाबासाहेबांच्या कार्यपद्धतीचे सर्वांत मोठे उदाहरण. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली. सात सभासद, पण एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, एक संस्थानाच्या कामात, एक-दोघे प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर. त्यामुळे ओझे एकट्या बाबासाहेबांवर पडले, असे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये भर सभागृहात सांगितले. म्हणजे श्रेय घ्यायला कोणाचीही आडकाठी नव्हती. तरी २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी काय केले? पहिला कच्चा मसुदा तयार करणाऱ्या बी. एन. राव यांना श्रेय दिले. कलमांची भाषा घडविणाऱ्या एस. एन. मुखर्जी यांचा गौरव केला आणि त्यांच्या हाताखाली मध्यरात्र उलटून जाईपर्यंत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांची आठवण केली. एवढ्यावर ते थांबले नाहीत. सभागृहात ज्यांनी त्यांना कलमाकलमाला अडविले त्या कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, कुंझरू प्रभृतींचेही त्यांनी आभार मानले, कारण त्यांच्या हरकतींमुळे तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी मिळाली. कारकुनाचे नाव संसदेच्या कागदावर आणणारा आणि विरोधकाचे उपकार मानणारा अध्यक्ष आपल्या कचेऱ्यांत किती दिसतो, हे नोकरी करणाऱ्या वाचकांनीच सांगावे.

मात्र आदर म्हणजे मान खाली घालणे असे त्यांनी कधी मानले नाही. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल बाजूला पडले हे कारण सर्वांना ठाऊक आहे; पण महत्त्वाच्या खात्यांपासून व मंत्रिमंडळाच्या समित्यांपासून आपल्याला दूर ठेवण्यात आले आणि अनुसूचित जातींकडे दुर्लक्ष झाले, ही कारणेही त्यांनी उघड मांडली. ऑक्टोबरमध्ये लोकांपुढे निवेदन करण्यास उठले असता ते आधी तपासायला द्यावे असा आग्रह झाला. ते सभागृहातून उठून गेले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. नाव मंत्र्याचे आणि वागणूक शोभेच्या वस्तूची, अशी खुर्ची त्यांना नको होती.

आपल्या संस्थेतही त्यांनी हीच कसोटी लावली. जून १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा पहिले प्राचार्य म्हणून त्यांनी संस्कृतचे नामवंत पंडित अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर यांना बोलाविले. आपल्या पैशाने, आपल्या घामाने उभारलेल्या संस्थेत आपलाच माणूस हवा, असे म्हणणारे तेव्हाही असतील. बाबासाहेबांनी विद्या पाहिली. १९५० साली औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचे नाव दिले. मिलिंद राजा नागसेन भंतेंशी वाद घालायला आला तेव्हा नागसेनांनी विचारले की हा वाद पंडितांच्या रीतीने करायचा की राजांच्या रीतीने? पंडितांच्या वादात कोणी चुकले तर दुसरा ते दाखवितो आणि कोणी रागावत नाही. राजांच्या वादात जो असहमत होईल त्याला दंड होतो. मिलिंदाने पंडितांची रीत पत्करली. साहेबाच्या खोलीत बैठकीला बसणाऱ्यांना ही गोष्ट आपोआप कळेल.

धम्माकडे बाबासाहेब वळले त्यामागे हा सगळा अनुभव होता. बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात गृहस्थांसाठी जो विनय त्यांनी दिला आहे त्यात मालक आणि सेवक यांचे प्रकरण वेगळे आहे. त्याचे मूळ सिगालोवाद सुत्तात. सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी ओलेत्याने सहा दिशांना हात जोडीत असे. भगवंतांनी त्याला सांगितले की आईबाप ही पूर्व, गुरू ही दक्षिण, पत्नी ही पश्चिम, मित्र ही उत्तर, श्रमण ही वरची दिशा आणि सेवक-कामगार ही खालची दिशा. म्हणजे जो खाली आहे त्यालाही हात जोडायचे! कसे, तर कुवतीप्रमाणे काम देऊन, अन्न व वेतन देऊन, आजारात काळजी घेऊन, घरात गोडधोड झाले तर त्यात वाटा देऊन, वेळच्या वेळी सुट्टी देऊन. सेवकानेही मालकाआधी उठावे, दिलेले तेवढेच घ्यावे, काम चोख करावे, त्याच्याविषयी चांगले बोलावे. अडीच हजार वर्षांपूर्वी आजारपणातली काळजी आणि सुट्टी ही मालकाची कर्तव्ये म्हणून सांगणारा शास्ता आणि खाण कामगारांसाठी दवाखाने व पगारी रजेचा कायदा करणारा मजूरमंत्री, यांच्यातले नाते वेगळे समजावून सांगण्याची जरुरी नाही.

त्याच ग्रंथात उपाली न्हाव्याची कथा आहे. शाक्य राजकुमार प्रव्रज्या घ्यायला निघाले तेव्हा त्यांनी भगवंतांना विनंती केली की आमच्या या न्हाव्याला आधी दीक्षा द्यावी. कारण संघात आधी आलेला ज्येष्ठ. मग आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि शाक्यपणाचा ताठा उतरेल. पुढे हाच उपाली विनयात अग्रगण्य ठरला आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय त्याच्याच मुखातून संघाने ऐकला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी स्वतः आधी हात जोडून वयोवृद्ध चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील घेतले, आणि मगच आपल्या लाखो अनुयायांना दीक्षा दिली.

त्याच वर्षी, दीक्षेच्या सात महिने आधी, १८ मार्चला आग्ऱ्याच्या सभेत त्यांनी एक दुखरी गोष्ट बोलून दाखविली होती. शिकलेल्या लोकांनी आपल्याला धोका दिला, शिकून ते समाजाच्या उपयोगी पडतील असे वाटले होते, पण पोट भरण्यापलीकडे ते गेले नाहीत, असा त्यांचा सल होता. हा सल आपल्या घरापर्यंत येतो. आपल्यातला अधिकारी वसाहतीत राहायला गेला की गावाकडच्या चुलत्याला बाहेरच्या खोलीत बसवितो. कचेरी झाडणाऱ्या मेहतर बांधवाला नावाने हाक मारीत नाही. मांग, चांभार, ढोर बांधवांबरोबर ताटाला ताट लावताना आपल्यातल्याच काही घरांत अजून चुळबुळ होते. बाई कामाला ठेवली तर तिचा कप वेगळा ठेवणारी घरेही आपल्यांत नाहीत असे म्हणवत नाही. बडोद्याचा तो पट्टेवाला एकाच जातीत जन्मतो असे नाही.

बाबासाहेबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्याजवळ नानकचंद रत्तू असत. पंजाबातल्या होशियारपूरकडचे, दिल्लीत सरकारी नोकरी करणारे. दिवसभराची नोकरी संपवून ते अलीपूर रोडवर येत आणि रात्री उशिरापर्यंत बाबासाहेबांचे टंकलेखन करीत. ही चाकरी नव्हती. तिला पगार नव्हता. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री बाबासाहेबांनी त्यांच्याकडून बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाची प्रस्तावना आणि एस. एम. जोशी व आचार्य अत्रे यांना लिहिलेल्या पत्रांचे टंकलिखित कागद मागवून घेतले, उशाजवळच्या टेबलावर ठेवविले आणि रत्तूंना घरी पाठविले. सकाळी रत्तूंना बोलावणे आले तेव्हा बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झालेले होते.